अठरा पेन्सचा फ्रॉक: चोरीपायी ऑस्ट्रेलियाला धाडलेल्या कैद्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिडनीत राहते. दिवाळी आटोपली की पुण्या-नागपूरकडचे आईवडील, सासूसासरे इथे मुक्कामाला येतात आणि रविवारी त्यांना फिरवून आणायचं काम बहुतेक वेळा माझ्या गळ्यात पडतं. ऑपेरा हाऊस वीस मिनिटांत बघून होतं. मग द रॉक्सच्या दगडी गल्ल्यांतून चालताना कुणीतरी हमखास म्हणतं, "हा देश म्हणे चोरांनी वसवला?" आणि तिथून प्रश्न सुरू होतात. दरवर्षी माणसं बदलतात, प्रश्न तेच राहतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. आकडे सांगून कुणाच्या लक्षात राहत नाहीत असा माझा अनुभव आहे, म्हणून मेरी वेड या एकाच मुलीचं बोट धरून चालते.

एक फ्रॉक चोरला म्हणून फाशी? खरंच?

शिक्षा फाशीचीच झाली होती. मेरी लंडनची, गरीब घरची. रस्ते झाडायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांपुढे हात पसरायचा, हा तिचा दिवसभराचा उद्योग. ५ ऑक्टोबर १७८८ ला ती आणि जेन व्हायटिंग नावाची १४ वर्षांची मुलगी यांनी मेरी फिलिप्स या ८ वर्षांच्या पोरीला गाठलं, सार्वजनिक शौचकूपात नेलं आणि तिच्या अंगावरचे कपडे काढून घेतले. एक सुती फ्रॉक, खांद्यावरून घ्यायचं एक तागाचं वस्त्र आणि एक टोपी. फ्रॉक गहाणवाल्याकडे गेला. आले अठरा पेन्स. दुसऱ्याच एका मुलीने चुगली केली आणि मेरीच्या खोलीत ते खांद्यावरचं वस्त्र सापडलं.

१४ जानेवारी १७८९ ला ओल्ड बेलीच्या न्यायालयात खटला उभा राहिला. नुसत्या चोरीचा नव्हे, तर धाक दाखवून अंगावरचा ऐवज लुटल्याचा. या गुन्ह्याला त्या काळच्या इंग्लंडात एकच शिक्षा होती. मेरी तेव्हा १३ वर्षांची होती.

इथे काकू लोक हळहळतात. मला मात्र दरवेळी ती तिसरी मुलगी आठवते. ऑक्टोबरातल्या लंडनच्या गारठ्यात आठ वर्षांच्या पोरीला उघडं करून सोडून देणं हे काही गोंडस काम नव्हे. पण त्यासाठी दुसऱ्या पोरीला दोरावर लटकवायचं, हा हिशेब कुठल्याही तराजूत बसत नाही.

मग एवढीशी चोरी आणि मोठी चोरी यात फरकच नव्हता?

होता, आणि तो चक्क किमतीवर होता. बारा पेन्स म्हणजे एक शिलिंग. माल एका शिलिंगाच्या वरचा असेल तर ती 'मोठी' चोरी, त्यापेक्षा कमी किमतीचा असेल तर 'किरकोळ'. ज्यूरीतल्या लोकांनाही हा कायदा कडक वाटायचा, म्हणून ते सरळ सरळ किंमत पाडायचे. चांगला पाच-सहा शिलिंगांचा माल 'दहा पेन्सचा' ठरवायचा की आरोपीचा गळा वाचला. शपथेवर बोललेलं हे खोटं सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना चालत होतं. बारा पेन्सांची ती रेघ १८२७ मध्ये पुसली गेली. मेरीच्या बाबतीत ही पळवाट उपयोगी नव्हती, कारण लुटीच्या आरोपात माल किती रुपयांचा, म्हणजे किती शिलिंगांचा, हा प्रश्नच येत नाही.

मग तिची फाशी टळली कशी?

राजा बरा झाला म्हणून. तिसरा जॉर्ज काही महिने भ्रमिष्टासारखा वागत होता. ११ मार्च १७८९ ला तो ठणठणीत झाल्याची घोषणा झाली आणि त्या आनंदात पाच दिवसांनी फाशीच्या कोठडीतल्या सगळ्या बायकांना जीवदान मिळालं. अट एकच: देश सोडून समुद्रापार जायचं. पोरीचं आडनाव वेड आणि तिला तारलं ते राजाच्या वेडाने. हा श्लेष मराठी माणसालाच कळतो, इथल्या लोकांना समजावून सांगायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

यातला खरा नवलाचा भाग वेगळाच आहे. ही माफी कोर्टात उभं राहून कबूल करावी लागायची आणि काही जणींनी ती नाकारली! सारा काउडन नावाची एक तरुणी न्यायाधीशासमोर म्हणाली की परक्या मुलखात जाऊन जगण्यापेक्षा मी माझ्या देशाच्या कायद्याने मरेन. न्यायाधीश चिडले, धाकदपटशा झाला, एकान्तकोठडीची भीती घातली गेली, आणि शेवटी ती तयार झाली. फाशीपेक्षा जे ठिकाण भयंकर वाटतं, ते लोकांच्या मनात काय असेल याची कल्पना करा. आपल्याकडे 'काळं पाणी' म्हटल्यावर आजीच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, तसंच काहीतरी.

पण ऑस्ट्रेलियाच का? एवढ्या लांब?

आधी अमेरिका होती. १७१८ च्या कायद्यापासून पुढची साठेक वर्षं इंग्लंडने सुमारे ५०,००० कैदी मेरीलँड, व्हर्जिनिया अशा वसाहतींत खपवले. तिथल्या युद्धाने ते दार बंद झालं. मग १७७६ पासून जुनी, डोलकाठ्या काढलेली जहाजं थेम्सच्या काठी नांगरून त्यांत माणसं कोंबायला सुरुवात झाली. ती भरली. मग ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स सुचलं. ११ जहाजांचा पहिला ताफा १३ मे १७८७ ला पोर्ट्समथहून निघाला आणि २६ जानेवारी १७८८ ला सिडनीच्या खाडीत लागला. होय, आपल्या प्रजासत्ताक दिनाचीच तारीख. इथेही त्या दिवशी सुट्टी असते, फक्त कुणाला तो सण वाटतो आणि कुणाला सुतक.

१७८८ ते १८६८ या ८० वर्षांत सुमारे १,६२,००० माणसं अशी आली. त्यात बायका २५,००० च्या आसपास.

सगळे असे भुरटे चोरच होते का?

नाही, पण बहुतेकांचा गुन्हा चोरीचाच. कापड, भांडी, घड्याळ, मेंढी, कोंबड्या. काही आयरिश बंडखोर, काही दंगेखोर शेतमजूर, काही खोटे दस्त करणारे. बऱ्याच जणांवर आधीचेही गुन्हे होते. 'भुकेपोटी पाव चोरला' ही कथा सांगायला सोपी असते, म्हणून ती फार सांगितली जाते. पहिल्या ताफ्यातला जॉन हडसन मात्र ऐकण्यासारखा: धुराडी साफ करणारं पोर, शिक्षा झाली तेव्हा वय ९ वर्षं.

जहाजावर बेड्या घालून बसवायचे?

कुठलं जहाज आणि कोणाचा ठेका, यावर सगळं होतं.

मेरी 'लेडी जुलियाना'वर चढली. या जहाजावर कैदी फक्त बायका, सव्वादोनशेच्या आसपास. जुलै १७८९ च्या शेवटी प्लिमथ सुटलं. टेनेरिफ, मग रिओ द जानेरोला दीड महिना मुक्काम, मग केप ऑफ गुड होप. सिडनीला पोचायला दहा महिन्यांहून जास्त लागले. तेवढ्या प्रवासात जेमतेम पाच जणी दगावल्या, त्या काळाच्या मानाने फारच थोड्या. बायकांना डेकवर मोकळं येता यायचं, बंदरात ताजं अन्न मिळायचं.

याच जहाजावर जॉन निकोल नावाचा खलाशी होता. म्हातारपणी, १८२२ मध्ये, त्याच्या आठवणी छापल्या गेल्या, म्हणून आतलं एवढं कळतं. तो लिहितो की जहाज समुद्रात निघताच प्रत्येक खलाशाने एकेका बाईला बायको करून घेतलं, आणि बायकांची ना नव्हती. आता 'ना नव्हती' हे तो सांगतो. बेड्या घातलेल्या बाईची ना कशी दिसली असती, हे त्याने लिहिलेलं नाही. निकोल लोहारकामही करायचा. लिंकनशरहून आलेल्या सारा व्हिटलमच्या बेडीचा खिळा ऐरणीवर ठेवून त्याने तोडला आणि तिथेच तो तिच्यावर भाळला. वाटेत त्यांना मुलगा झाला. सिडनीला जहाज लागलं तेव्हा त्याला उतरून राहायचं होतं, पण करार मोडता येईना. शिक्षा संपली की तुला न्यायला येईन, असं सांगून तो गेला. साराने, कागदपत्रं सांगतात, तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्याशी लग्न केलं. निकोल बिचारा वर्षानुवर्षं सिडनीला जाणारं जहाज शोधत जगभर हिंडला. मग एका पळून आलेल्या कैद्याने त्याला बातमी दिली: सारा आता तिथे नाही, ती गेली मुंबईला.

हो, आपल्या मुंबईला. हे सांगितलं की आमच्या घोळक्यात एकदम जिवंतपणा येतो. दादरच्या एका आजोबांनी तर "कुठे राहत असेल हो, फोर्टात?" अशी चौकशी केली होती.

म्हणजे प्रवास तसा सुखाचा होता म्हणायचं?

त्याच जहाजावर होता. तीनच आठवड्यांनी त्याच, म्हणजे दुसऱ्या ताफ्यातली कैद्यांची बाकीची तीन जहाजं आली: नेपच्यून, सरप्राइझ आणि स्कारबरो. ठेका दिला होता गुलामांच्या व्यापारात हात मुरलेल्या कंपनीला, आणि पैसे ठरले होते माणूस चढवण्याचे. तो जिवंत उतरवण्याचे नव्हेत. मग शिधा कशाला वाटा? मेलेला माणूस फायद्याचा, त्याच्या वाटणीचं धान्य पुढच्या बंदरात विकता येतं. सुमारे हजार कैद्यांपैकी चारातला एक वाटेत गेला. वसाहतीचे पाद्री रिचर्ड जॉन्सन जहाजाच्या पोटात उतरले, तेव्हा उवांनी भरलेली, स्वतःच्या घाणीत पडलेली माणसं त्यांना दिसली. कित्येक जण उघड्या हवेत आणल्याबरोबर डेकवरच मेले, तर काही जण किनाऱ्यावर अक्षरशः रांगत आले.

पुढे ठेक्याच्या अटी बदलल्या, १८१५ पासून प्रत्येक जहाजावर अधिकाराचा डॉक्टर बसवला, आणि मरणारे फार कमी झाले. हीच माणसं, हाच समुद्र, हीच शिडं. फक्त पैसे कशाचे मिळतात ते बदललं. सरकारी कंत्राटं पाहिलेल्या आपल्या लोकांना हा मुद्दा फोडून सांगावा लागत नाही.

उतरल्यावर तुरुंगात टाकायचे?

तुरुंग बांधलेलाच नव्हता. भिंतीचं काम समुद्र आणि रान करत होतं. कैदी झोपडीत राहायचा, दिवसा सरकारी कामावर: झाडं तोडा, विटा पाडा, गाडे ओढा. बैल नव्हते, तेव्हा माणसं जुंपली. काम उरकलं की उरलेला वेळ त्याचा स्वतःचा, त्यात तो दुसऱ्याकडे मजुरी करू शकत असे. नंतर खाजगी जमीनदारांकडे कैदी नेमून देण्याची पद्धत वाढली. मालक बरा निघाला तर दोन वेळचं नीट जेवण, नाही तर वेठबिगारी. थोडक्यात, शिक्षा कशी जाणार हे न्यायाधीश ठरवत नसे, नशिबाला आलेला मालक ठरवत असे.

हाइड पार्क बॅरक्स, जिथे आपण फिरताना थांबतो, ती १८१९ ची. तोवर तीस वर्षं कैद्यांनी राहायची सोय आपापली पाहिली होती. या इमारतीचा आराखडा केला फ्रान्सिस ग्रीनवेने, तोही खोट्या दस्तासाठी आलेला कैदीच. पुढे या देशाने त्याला चक्क १० डॉलरच्या नोटेवर छापलं. खोटे कागद केल्याबद्दल हद्दपार झालेला माणूस नोटेवर!

खायला काय मिळायचं?

ठरलेला आठवड्याचा शिधा कागदावर वाईट नव्हता: सात पौंड पीठ, सात पौंड बीफ किंवा चार पौंड पोर्क, वाटाणे, थोडं लोणी. बायकांना याच्या दोन-तृतीयांश. पण हे सगळं इंग्लंडहून येणार, आणि जहाज आलं नाही तर?

१७९० च्या एप्रिलमध्ये तेच झालं. शिधा घटत घटत माणशी आठवड्याला अडीच पौंड पीठ, दोन पौंड पोर्क आणि दोन पौंड तांदूळ, एवढ्यावर आला. वॉटकिन टेंच नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्या दिवसांचं लिहून ठेवलंय. तांदळाचा प्रत्येक दाणा आतल्या किड्यांमुळे वळवळत होता. पोर्क मिठात घालून तीन-चार वर्षं झालेली. रोजचा तुकडा काट्याला टोचून विस्तवापुढे धरायचा आणि त्यातून ठिबकणारे थेंब पावाच्या चकतीवर नाहीतर बशीतल्या भातावर झेलायचे. गव्हर्नरकडे जेवायचं बोलावणं आलं, तर आपला पाव आपण न्यायचा.

आणि अशा वेळी ३ जूनला खाडीच्या तोंडावर शीड दिसलं. लोक रडले, बायका पोरांना उचलून मुके घेत सुटल्या. जहाज जवळ आलं तर आत पिठाऐवजी सव्वादोनशे तोंडं. तेच आपलं 'लेडी जुलियाना'. अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. १४ वर्षांच्या मेरीचं नव्या देशात झालेलं स्वागत ते हे.

तिला दोन महिन्यांत पुढे नॉरफॉक बेटावर धाडलं. ७ ऑगस्ट १७९० ला ती तिथे पोचली. त्या बेटावरची माणसं तो सगळा हिवाळा एका समुद्रपक्ष्यावर जगली होती. डोंगरउतारावर बिळं करून राहणारा हा पक्षी, रात्री मशाली घेऊन जायचं आणि हाताने उचलून आणायचा. एप्रिल ते जुलै एवढ्यात १,७०,००० हून जास्त पक्षी मारल्याची नोंद आहे. लोकांनी त्याला 'देवाने धाडलेला पक्षी' म्हटलं आणि दहाएक वर्षांत त्या बेटावरून संपवूनही टाकलं.

फटके खरंच मारायचे का?

हो. नऊ पदरी चाबकाने, सगळ्यांसमोर. २५, ५०, १००. कैद्यांच्या बोलीत प्रत्येक आकड्याला वेगळं नाव होतं, आणि शंभराला 'कॅनरी' म्हणायचे, म्हणजे तो पिवळा गाणारा पक्षी. याहून जास्त मी मुलांसमोर सांगत नाही.

घरच्यांना निरोप तरी पाठवता यायचा का?

पत्र पोचायला सात-आठ महिने, वर्ष. लिहिता येणारे आधीच थोडे. पण जाण्यापूर्वी ते एक वस्तू मागे ठेवून जायचे, आणि मला या सगळ्या इतिहासात तीच सर्वांत जास्त भिडते. तांब्याचं मोठं नाणं घ्यायचं, घासून घासून राजाचा चेहरा पुसून टाकायचा आणि त्या गुळगुळीत तांब्यावर खिळ्याने किंवा टोचणीने नाव, तारीख, एखादं हृदय, दोन ओळी कोरायच्या. 'हे पाहशील तेव्हा माझी आठवण काढ' अशा अर्थाच्या ओळी पुन्हा पुन्हा येतात. कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशी तीनशेहून जास्त नाणी आहेत. काहींवर अक्षरं सुबक आहेत, कारण तुरुंगात पैसे घेऊन कोरून देणारेही होते. काहींवर टिंबाटिंबांनी काढलेली वेडीवाकडी अक्षरं, एक तर उलटंच पडलेलं. ती स्वतः केलेली.

पळून का नाही गेले?

गेले की. १७९१ च्या नोव्हेंबरात २० पुरुष आणि एक बाई चीनला जायचं म्हणून चालत निघाले. उत्तरेला एक नदी ओलांडली की चीन लागतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हसू नका, नकाशा त्यांना कुणी दाखवला होता?

त्याच वर्षी मेरी ब्रायंट या कैदी बाईने मात्र कमाल केली. नवरा, दोन लेकरं आणि सात कैदी घेऊन तिने गव्हर्नरची होडी पळवली आणि ६९ दिवसांत ५,००० किलोमीटर समुद्र कापून तिमोर गाठलं. पुढे पकडले गेले. परतीच्या वाटेत नवरा गेला, दोन्ही मुलं गेली. घरच्यांतली ती एकटीच लंडनला पोचली, तिथे लेखक जेम्स बॉझवेलने तिची बाजू लढवली आणि १७९३ मध्ये ती सुटली.

सात वर्षांची शिक्षा असेल, तर ती संपल्यावर घरी का नाही परतले?

हा प्रश्न सगळ्यांत कमी वेळा विचारला जातो आणि माझ्या मते विचारायचा तो हाच.

शिक्षा वर्षांत मोजलेली असायची: सात, चौदा, जन्मभर. वागणूक चांगली असेल तर आधी 'तिकीट ऑफ लीव्ह' मिळे, म्हणजे ठरावीक जिल्ह्यात राहून स्वतःची कमाई करायची मुभा. मुदत भरली की सुटकेचं प्रमाणपत्र. कागदाने माणूस मोकळा. पण न्यायचा खर्च सरकारचा आणि परतायचा खर्च ज्याचा त्याचा, ही मेख होती. पुरुष जहाजावर खलाशी म्हणून राबून परतू शकत, थोडे तसे गेलेही. बाईला ती वाट नव्हती. जन्मठेपवाल्याला सशर्त माफी मिळाली, तरी इंग्लंडात पाय ठेवायचा नाही ही अटच असे. म्हणजे शिक्षा खरी होती ती अंतराची, वर्षं ही नुसती कागदावर लिहायला. तेराव्या वर्षी निघालेली पोर तिशीत मोकळी होते, कडेवर इथेच जन्मलेलं मूल, आणि 'घरी' कोण जिवंत आहे ते ठाऊक नाही. मग घर ते कुठलं?

मेरीचं पुढे काय झालं?

नॉरफॉकवर टीग हॅरिगन या आयरिश कैद्याबरोबर ती राहिली. १७९३ मध्ये मुलगी झाली, १७९५ मध्ये मुलगा. मग सिडनी, तिथे टँक स्ट्रीम नावाच्या ओढ्याकाठी तंबूत संसार. तो ओढा आज शहराच्या पोटात, गटारासारखा बुजवलेला वाहतो. आपण कॉफी पितो त्याच्या खालून. १८०६ मध्ये हॅरिगन देवमाशांच्या शिकारीला म्हणून जहाजावर गेला तो परतलाच नाही.

१८०९ पासून ती जोनाथन ब्रूकरसोबत हॉक्सबरी नदीकडे राहू लागली. १८१२ मध्ये सुटकेचा कागद हाती आला. १८१६ पर्यंत एअर्ड्स भागात, आजच्या कॅम्पबेलटाउनजवळ, ३० एकर जमीन झाली. १८१७ मध्ये दोघांनी रीतसर लग्न केलं, तोवर घर मुलांनी भरलेलं होतं. १८२३ च्या वणव्यात सगळं जळालं. घर, अवजारं, सगळं. पुन्हा मांडामांड, पुढे इलवारा भागात. १७ डिसेंबर १८५९ ला, ८४ वर्षांची होऊन, ती गेली. एकूण २१ बाळंतपणं, आणि डोळे मिटले तेव्हा नातवंडं-पणतवंडं-खापरपणतवंडं धरून जिवंत वंशज तीनशेवर. आपल्याकडे असती तर सोन्याच्या फुलांनी न्हाऊ घातली असती. माजी पंतप्रधान केव्हिन रड तिच्याच वंशातले.

"म्हणजे भलंच झालं की तिचं," असं एक काका म्हणाले. झालं, पण ते तिने केलं. तिच्यासारख्या कित्येक जणींचं नाव एखाद्या जहाजाच्या यादीत आहे आणि त्यानंतर कुठेच नाही.

ती तीस एकर जमीन आधी कुणाची होती?

हे कुणी विचारलं नाही तर मी स्वतः काढते. कॅम्पबेलटाउनचा तो सगळा टापू धरवल लोकांचा. १८१६ च्याच एप्रिलमध्ये, तिथून जवळ अ‍ॅपिन इथे, गव्हर्नर मॅक्वारीने पाठवलेल्या सैनिकांनी पहाटे वस्तीवर हल्ला केला. किमान १४ माणसं मेली, त्यात बायका-मुलं. काही जण कड्यावरून खाली पडले. चोरीपायी घालवून दिलेल्यांना चोरलेली जमीन मिळाली, हे एका वाक्यात म्हणता येतं, पण ते म्हटल्यावर गटात थोडा वेळ कुणी बोलत नाही.

आपल्या अंदमानासारखंच ना हे?

नातं आहे, पण गल्लत नको. अंदमानात कैद्यांची वसाहत १८५८ मध्ये सुरू झाली, सेल्युलर जेल तर १९०६ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून कंपनी सरकार हिंदुस्थानी कैद्यांना समुद्रापार पाठवत होतं: पिनांग, मॉरिशस, सिंगापूर. मॉरिशसला १८१५ ते १८३७ मध्ये गेलेल्या सुमारे १,५०० कैद्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. तिथे त्यांनी रस्ते बांधले. सिंगापूरचं पांढरंशुभ्र सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदुस्थानी कैद्यांच्याच हातचं. फरक असा की आपल्याकडून बहुतेक दरोडा, खून, बंड अशा गुन्ह्यांसाठी पाठवत, फ्रॉकसाठी नव्हे.

आणि उलटी वाहतूकही होती, जी मराठी माणसाला सहसा माहीत नसते. सिंगापूर-मलाक्काकडचे चिनी आणि मलायी कैदी आपल्या महाबळेश्वरला आणून ठेवले होते. १८३४ पासून १८६४ पर्यंत तिथे त्यांचा तुरुंग होता. साहेबांच्या थंड हवेच्या गावाला भाजीपाला आणि बटाटा पुरवायचं काम त्यांच्याकडे. वेण्णा लेकवर मक्याचं कणीस खाताना हे आठवून बघा.

इथल्या लोकांना पूर्वज कैदी असल्याची लाज वाटत नाही?

वाटायची, आणि फार वाटायची. व्हॅन डायमेन्स लँड या कैद्यांच्या वसाहतीने १८५६ मध्ये नावच बदलून टास्मानिया केलं, त्यामागे हा डाग पुसण्याचीही खटपट होती. घराघरांत आजोबांच्या कागदांना कात्री लागली. आता उलटं झालंय. माझ्या ऑफिसात एक सहकारी 'आम्ही दुसऱ्या ताफ्यातले' असं सांगतो, ते ऐकून मला आपल्याकडचे 'आम्ही मूळचे कोकणातले' आठवतात. मेरी रेबी ही तर घोडा चोरल्याबद्दल लहानपणी आली, पुढे जहाजांची मालकीण झाली आणि आज २० डॉलरच्या नोटेवर आहे. पाकीट उघडा, असेल.

एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर?

हाइड पार्क बॅरक्स. वरच्या मजल्यावर उंदरांची गोष्ट आहे, ती चुकवू नका. उंदरांनी बिळं मऊ करायला कपड्याच्या चिंध्या फळ्यांखाली ओढून नेल्या, आणि जी चिंधी कुणीच जपली नसती, ती त्यांच्यामुळे शंभर-दीडशे वर्षं टिकली. त्यातच एका कैद्याचा पट्ट्यापट्ट्यांचा सुती सदरा मिळाला. काचेआड आहे. शिवण हाताची, टाके मोठे. मागच्या वेळी सोलापूरच्या एक काकू बराच वेळ काचेला नाक लावून उभ्या होत्या, मग वळून म्हणाल्या, "घाईत शिवलाय."